पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू आणि आठ आठवड्यांचा नियम

प्रश्न: समाजमाध्यमावरील जाहिरात पाहून आम्ही पुण्याजवळच्या एका ब्रीडरकडून लॅब्रेडॉरचे पिल्लू घेतले. जाहिरातीत ‘दोन महिन्यांचे, लसीकरण पूर्ण, केसीआय पेपरसह’ असे लिहिले होते. पिल्लाचे २६,००० आणि पेपरचे (म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणी प्रमाणपत्राचे) ६,००० असे ३२,००० रुपये यूपीआयने दिले. घरी आलेल्या माणसांवर पिल्लांची आई धावून जाते, असे सांगून त्यांनी १२ डिसेंबरला महामार्गावरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये पिल्लू आमच्या हाती दिले. १५ तारखेला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, १६ तारखेला पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि १९ तारखेला पिल्लू दगावले. उपचारांवर १७,४०० रुपये खर्च झाले. ‘पिल्लू दिल्यावर आमची जबाबदारी संपते, हवे तर दुसरे अर्ध्या किमतीत देतो’, असे ब्रीडर आता म्हणतात. पेपर आलेच नाहीत. पोलिसांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. हे सगळे जाहीर लिहीन म्हटल्यावर मानहानीच्या दाव्याची धमकी मिळाली. बिल नाही, पत्ता माहीत नाही. आम्ही काय करावे? (एक वाचक, कराड)

उत्तर: तुमच्या पत्रासोबत आलेल्या लसीकरण पुस्तकाच्या छायाचित्रात पिल्लाची जन्मतारीख २८ ऑक्टोबर आहे. म्हणजे ज्या दिवशी ते तुमच्या हाती आले, त्या दिवशी ते बरोबर पंचेचाळीस दिवसांचे होते आणि जाहिरात मात्र त्याला दोन महिन्यांचे म्हणत होती. तुम्ही पत्रात या फरकाचा उल्लेखही केलेला नाही, पण माझ्या मते तुमच्या प्रकरणात याहून मोलाचा कागद दुसरा नाही.

श्वान प्रजनन आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्या प्रत्येकाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि या व्याख्येत मध्यस्थ व व्यापारीही येतात, त्यामुळे ‘आमचा काही धंदा नाही, घरच्याच कुत्रीची पिल्ले आहेत’ ही नेहमीची सबब विक्री करणाऱ्याला सहसा तारत नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, विकलेल्या पिल्लाला मायक्रोचिप (ओळख क्रमांक असलेली, कातडीखाली बसवायची बारीक चिप) असावी लागते, लसीकरणाची नोंद सोबत द्यावी लागते आणि तारखेसह बिल द्यावे लागते. बाजारात पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू नेणे ही जणू रीतच झाली आहे, आणि घेणाऱ्यालाही जितके लहान तितके गोजिरवाणे वाटते, हे मी जाणतो. पण आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस, आणि तुमच्या ब्रीडरने स्वतःच दिलेल्या पुस्तकानुसार त्याला अकरा दिवस कमी पडतात.

जाहिरातीतला दुसरा दावा ‘लसीकरण पूर्ण’ हा होता. पिल्लांचे लसीकरण एका सुईत पूर्ण होत नाही; सहा ते आठ आठवड्यांपासून काही आठवड्यांच्या अंतराने मात्रा देत ते सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत चालते, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचेदेखील लसीकरण पूर्ण झालेले असू शकत नाही, मग दीड महिन्याच्या पिल्लाची गोष्टच सोडा. पुस्तकात २ डिसेंबरची एकच मात्रा दिसते आणि तिच्यासमोर एका डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक आहे. तो क्रमांक महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदीत आहे का, हे पाहा आणि त्या डॉक्टरांना भेटून ही मात्रा त्यांनीच दिली का, हे नम्रपणे विचारा. त्यांनी नाही म्हटले, तर तसे लेखी घ्या, कारण त्या क्षणी हे प्रकरण निकृष्ट मालाच्या तक्रारीवरून बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्याकडे वळते.

आता तुमच्या प्रकरणातील कमकुवत दुवा सांगतो, कारण समोरचा वकील तेथेच बोट ठेवणार आहे. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून अधिक. तुमच्या पिल्लाला तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. म्हणजे लागण आधीच झालेली असण्याचा संभव मोठा आहे, पण पार्किंगच्या जमिनीवरून किंवा तुमच्या गाडीतून विषाणू आला, असे म्हणायला त्यांना थोडी जागा उरते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून केस पेपर, चाचणीचा अहवाल आणि लक्षणांच्या तारखेवरून लागण केव्हा झाली असावी याबद्दलचे त्यांचे मत लेखी स्वरूपात घ्या. घरात पूर्वी कुत्रे नव्हते, हे शेजाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रासह मांडता येईल. पिल्लू शेतात पुरले आहे, ते उकरून काढण्याच्या फंदात पडू नका. त्यातून आता काही हाती लागणार नाही. तुमच्या भागातल्या कोणावर पुढे असा प्रसंग आला, तर मात्र शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे आणि तेथील शवविच्छेदनाचा अहवाल सर्व वाद आटोपता करतो.

या दुव्यामुळेच तक्रार दोन स्वतंत्र पायांवर उभी करावी, असा माझा आग्रह आहे. पहिला पाय चुकीच्या वर्णनाचा: वय खोटे, लसीकरणाचा दावा खोटा, पेपरचे पैसे घेऊन पेपर नाहीत, बिल नाही. हे सिद्ध करायला रोगाचे मूळ शोधण्याची गरजच नाही आणि एवढ्यावर ३२,००० रुपये परत मागता येतात. दुसरा पाय लागणीचा, ज्यावर उपचारांचे १७,४०० रुपये आणि मनस्तापाची भरपाई अवलंबून आहे. बहुतेक लोक दुःखाच्या भरात फक्त दुसऱ्या पायावर उभे राहतात आणि तो जरा डळमळला की सगळेच गमावतात.

कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. वाचायला बरे वाटत नाही, पण तुमच्या फायद्याचे आहे, कारण त्यामुळे माल विक्री अधिनियम, १९३० आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हे दोन्ही लागू होतात. पहिल्याच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. ‘पिल्लू दिल्यावर जबाबदारी संपली’ हे वाक्य तुमच्या संदेशांमध्ये १७ डिसेंबरला प्रथम येते. ते पैसे देण्याआधीच्या बोलण्यात कुठेही नाही. व्यवहार झाल्यावर एकतर्फी लादलेली अट कराराचा भाग होत नाही. बिल न देणे आणि सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत.

तक्रारीसाठी तुम्हाला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची मुभा दिली असल्याने साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. एक खबरदारी मात्र घ्या: पैसे देण्याआधीच्या संदेशांत तुम्ही किंवा यजमानांनी ‘पुढे हिची पिल्ले घेऊन विकू’ अशा अर्थाचे काही लिहिले आहे का, ते पाहा. तसे असेल, तर खरेदी व्यापारी हेतूची होती आणि तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप घेतला जाईल, आणि त्याचे उत्तर तक्रारीतच देऊन ठेवावे लागेल.

खरी अडचण पत्त्याची आहे, कारण विरुद्ध पक्षाच्या पत्त्याशिवाय आयोग नोटीस कोणाला पाठवणार? यूपीआयच्या पावतीवर ज्या व्यक्तीचे नाव आले आहे ते ब्रीडरचे नसून एका महिलेचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पैसे त्यांच्या खात्यात गेले असल्याने त्यांनाही पक्षकार करता येईल. लसीकरण करणाऱ्या डॉक्टरांकडे मालकाची नोंद असू शकते. शिवाय पशुसंवर्धन आयुक्तालयात माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपये शुल्क भरून, या नावाने आणि फोन क्रमांकाने श्वान प्रजननाची नोंदणी आहे का, एवढाच नेमका प्रश्न विचारा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. नोंदणी असेल तर पत्ता मिळेल, नसेल तर विनानोंदणी विक्रीचा लेखी पुरावा मिळेल. हाच विषय घेऊन जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांकडे वेगळी तक्रारही करा. त्यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, पण पुढची पिल्ले विकली जाण्यापूर्वी कोणीतरी त्या जागेची पाहणी करील. १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल पन्नास रुपये दंड आहे, हे येथे सांगावे की नाही असा मला प्रश्न पडला होता. पण तुम्ही केवळ त्या कायद्यावर विसंबू नये म्हणून सांगून टाकतो.

पोलिसांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. पिल्लू आजारी निघाले, एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच हेतू अप्रामाणिक होता, हे दिसावे लागते. पेपरचे ६,००० रुपये मात्र वेगळे पाहावे लागतील. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे आधी संपूर्ण वेताची, म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या सगळ्या पिल्लांची, नोंद ब्रीडरने करायची असते आणि प्रमाणपत्रावर पिल्लाच्या चिपचा क्रमांक येतो. तुमच्या पिल्लाला चिप बसवलेलीच नव्हती. चेन्नईच्या मुख्यालयाला पत्र लिहून अशा वेताची नोंद आहे का, हे विचारा. नसेल, तर पैसे घेतानाच पेपर देण्याचा विचार नव्हता, असे म्हणायला आधार मिळतो आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) पुढे येते. लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. ठाण्याने नोंद घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. जाता जाता एक सांगतो: पिल्लूच अस्तित्वात नसते, फोटो दाखवून आधी आगाऊ रक्कम, मग विमानभाडे, मग पिंजऱ्याची ‘परत मिळणारी’ अनामत असे हप्ते मागितले जातात, तो प्रकार निराळा. तेथे पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. तुमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे.

संदेश आणि जाहिरात अजून तुमच्या फोनमध्ये आहेत, तोवर त्यांची पूर्ण, सलग प्रत काढा. निवडक स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. जाहिरात काढून टाकली जाईल, म्हणून तिचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो आजच घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र त्यासोबत जोडावे लागते, आणि त्यासाठी मूळ फोन जपून ठेवणे महत्त्वाचे आहे. तो बदलू किंवा विकू नका.

मानहानीच्या धमकीने घाबरण्याचे कारण नाही, पण घाईही नको. सार्वजनिक हितासाठी सांगितलेली सत्य गोष्ट मानहानी ठरत नाही. ‘चोर’, ‘खुनी’ हे शब्द मात्र तुम्हाला सिद्ध करता येणार नाहीत. ब्रीडरला तुमची नोटीस जाईपर्यंत काहीही जाहीर लिहू नका, म्हणजे कागद तयार व्हायच्या आतच पुरावा नाहीसा होणार नाही. ज्या दिवशी लिहाल, त्या दिवशी फक्त तारखा आणि कागदपत्रे लिहा.

अर्ध्या किमतीतले दुसरे पिल्लू घेऊ नका. घेतलेत तर तो समेट समजला जाईल आणि पहिल्या पिल्लाबद्दल बोलण्याची जागा उरणार नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे: हा विषाणू घरात आणि अंगणात महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाने जात नाही, तेव्हा ब्लीचने फरशी धुऊनही लस न झालेले पिल्लू इतक्यात त्या अंगणात आणणे धोक्याचे आहे. पुन्हा कुत्रे पाळण्याची तुमची इच्छा असल्याचे तुम्ही शेवटी लिहिले आहे. तेव्हा पैशांचा विषय निघण्यापूर्वी राज्य प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक मागा आणि पिल्लांची आई जेथे राहते तेथे जाऊन तिला पाहा. ती अठरा महिन्यांहून लहान किंवा आठ वर्षांहून मोठी असेल, तर नियमानुसार तिला पिल्ले व्हायलाच नको होती. चिप तुमच्यासमोर वाचून पुस्तकातल्या क्रमांकाशी ताडून घ्या, पैसे बिलावर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात भरा, आणि सुरुवातीच्या ठराविक दिवसांत संसर्गजन्य रोग निघाल्यास पूर्ण रक्कम परत, हे एक वाक्य बिलावर लिहून मागा. चांगला ब्रीडर ते लिहून देतो आणि उलट तुमच्या घराबद्दल, कामाच्या वेळांबद्दल चार प्रश्न विचारतो. जो महामार्गावर भेटायला बोलावतो, त्याच्याकडे जाऊच नका.

नोटिशीचा मसुदा मराठीत दीड पानाचा पुरे. तारखेनुसार घटना, ४९,४०० रुपयांची मागणी, मनस्ताप आणि खर्चाची वेगळी रक्कम, पंधरा दिवसांची मुदत एवढेच त्यात असावे. पत्ता मिळताच ती स्पीड पोस्टने पाठवा आणि तोपर्यंत त्यांच्या फोन क्रमांकावर पाठवून ठेवा, म्हणजे संदेश पोहोचल्याची खूण तरी तुमच्याकडे राहील.