इंडियाना जोन्सच्या चित्रपटांत दाखवतात तसं पुरातत्त्वशास्त्र खरंच असतं का?

तुम्ही लिहिलंय की इंडियाना जोन्स या साहसी पुरातत्त्वज्ञाचे हे हॉलिवूड चित्रपट बघून तुमच्या भाचीला पुरातत्त्वात एम.ए. करायचंय आणि घरात सगळ्यांना काळजी लागलीय. मी हा विषय शिकले आहे. महाराष्ट्रातल्या उत्खननांवर खापरं धुण्यापासून चराचे, म्हणजे उत्खननासाठी खणलेल्या खड्ड्याचे, नकाशे काढण्यापर्यंत सगळी कामं केली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चाबूक, पाठलाग, अंगावर घरंगळत येणारा दगड हे खरं नसतं, एवढं तुमच्या भाचीलाही कळत असणार. इजिप्तच्या थडग्यांत चोरांना अडवायला वाटा दगडगोट्यांनी बुजवत आणि दारं भिंत घालून बंद करत. हजारो वर्षांनी आपोआप चालू होणारे सापळे तिथे कुणाला सापडलेले नाहीत. मला खटकतं ते वेगळंच आहे.

१९८१च्या पहिल्या चित्रपटाची सुरुवात आठवा. पेरूच्या जंगलातलं देऊळ, चौथऱ्यावर सोन्याची मूर्ती. नायक मूर्ती उचलून पळतो आणि मागे देऊळ कोसळतं. चित्रपटाच्या लेखी किंमत फक्त मूर्तीची, देऊळ म्हणजे वाटेतला अडथळा. आमच्याकडे नेमकं उलट असतं. मूर्ती कुठे होती, कोणत्या थरात होती, शेजारी राख होती की धान्य, चौथरा किती वेळा सारवला होता, हे सगळं मिळून पुरावा होतो. नुसती मूर्ती हातात आली, तर ती सुंदर असते, पण तिच्याबद्दल खात्रीनं सांगता येण्यासारखं फार थोडं उरतं.

याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. असं काही भारतात दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. पुढे तिथे पुरातत्त्वज्ञ साळींनी रीतसर उत्खनन केलं, उत्तर हडप्पा काळाची, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातली वस्तीही उजेडात आली आणि या वस्तू त्याच काळातल्या असं अनेकांनी मानलं. पण धातूचं पृथक्करण करणाऱ्या अभ्यासकांनी शंका घेतली. वाद मिटवणार कसा? वस्तू निघाल्या तेव्हा कोणत्या थरातून निघाल्या, याची नोंदच नव्हती. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही, तो मूळ खणत होता. पण इतका अपूर्व ठेवा हाताशी असून त्याच्या काळावर अजून वाद आहे, याची मला फार हळहळ वाटते.

आता खरा खजिना सापडतो तेव्हा काय होतं ते बघा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या थडग्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ला दिसली. थडग्यातल्या वस्तूंचं काम पूर्ण व्हायला १९३२ उजाडलं. चारच लहान खोल्या, वस्तू पाच हजारांवर, प्रत्येकीला क्रमांक, जागेवरच छायाचित्र, रेखाटन. मण्यांच्या नक्षीच्या चपला होत्या. दिसायला धडधाकट, पण आतला दोरा पार कुजलेला. बोट लावलं असतं तर हातात सुटे मणी आले असते. मग कार्टरच्या माणसांनी स्टोव्हवर मेण वितळवून त्यावर ओतलं, ते घट्ट होईपर्यंत थांबले आणि चप्पल अखंड उचलली. मला विचाराल तर तुतनखामेनच्या प्रसिद्ध सोन्याच्या मुखवट्याइतकीच ही चप्पल मोलाची आहे, कारण ती वाचली ती केवळ कुणीतरी घाई केली नाही म्हणून.

सोनं नसेल तर? शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. लाकडी खांब कुजले की जमिनीत वेगळ्या रंगाचे गोल डाग राहतात. ते डाग जोडत गेलं की घराचा आकार मिळतो. आधीच्या थरात ऐसपैस चौकोनी घरं होती, इ.स.पू. १०००च्या सुमारास लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली. पाऊस कमी झाल्यामुळे गाव खंगलं, असं ढवळीकरांनी मांडलं. घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं होती, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. मोठ्यांना पुरताना बहुधा पाय घोट्याखाली तोडलेले असत. पण एक माणूस चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला मिळाला आणि त्याची पावलं शाबूत होती, म्हणून तो गावचा प्रमुख असावा असा तर्क आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यात आई-बापांनी आपलं मूल कुठे आणि कसं ठेवलं, हे आपल्याला कळतं, यापेक्षा थरारक मला तरी काही वाटत नाही.

चित्रपटांत काही गोष्टी बरोबरही आहेत. पुरातत्त्वाचं बहुतेक काम ग्रंथालयात होतं, असं खुद्द नायकच एकदा वर्गात सांगतो आणि ते खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे युरोप-अमेरिकेतले विद्वान दुसऱ्यांच्या देशातून वस्तू नेत, हेही खरंच. पेरूतल्या माचू पिचू या जुन्या इंका वसाहतीतून हायरम बिंगहॅम या अमेरिकी संशोधकानं येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू पेरूला परत मिळायला २०११ साल उजाडावं लागलं.

पण खजिन्याच्या वेडानं नुकसान होतं आणि ते चित्रपटांच्या आधीपासून होत आलंय. जॉर्डनमधल्या पेट्राची ती प्रसिद्ध, डोंगरात कोरलेली इमारत तिसऱ्या चित्रपटात दिसते. आत तशी लांबलचक भुयारं वगैरे नाहीत, साध्या रिकाम्या खोल्या आहेत. वर कोरलेल्या दगडी कलशात धन आहे असं समजून तिथल्या बदूंनी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांनी, त्यावर गोळ्या झाडल्या. कलश भरीव वालुकाश्माचा आहे, त्यावरचे गोळ्यांचे व्रण अजून दिसतात. आपल्याकडेही गुप्तधनासाठी गढ्या, किल्ले, जुनी देवळं रातोरात खणली जातात. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या, टेकाडांची माती तर ट्रॅक्टरनं शेतात जाते. एका रात्रीत गेलेला थर कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

भाचीला अडवू नका. आधी येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवा आणि हिवाळ्यात, उत्खननाच्या हंगामात, परवानगी काढून एखाद्या चरावर दिवसभर बसू द्या. ऊन, धूळ, चाळणीत येणारी खापरं, संध्याकाळी क्रमांक घालणं हे बघूनही तिला परत जावंसं वाटलं, तर ती या कामात टिकेल. पगाराच्या कायम जागा कमी आहेत, हे मात्र तिच्यापासून लपवू नका. ती विज्ञान शाखेची असेल तर उलट चांगलंच आहे. हाडं, जळकी धान्यं, परागकण आणि माती वाचू शकणारी माणसं प्रत्येक उत्खननाला हवी असतात.