विचारा तर खरं! : आजार दिसत नाही, मग पीआयपी मिळवायचं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही लेस्टरला असतो, दोघंही ब्रिटिश सिटिझन. मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी ब्रेन हॅमरेज झालं. देवाच्या दयेने चालणं-बोलणं छान आहे, बाहेरच्या माणसाला काही झालंय असं वाटतही नाही. घरात मात्र आंघोळ झाली का नाही ते आठवत नाही, औषधं मी हातावर ठेवते तेव्हा घेतात, कपडे मी काढून ठेवले नाहीत तर तेच ते घालतात. एकदा पोह्यांसाठी तेल तापत ठेवलं, फोन वाजला म्हणून वर गेले ते गेलेच, स्मोक अलार्म ऐकून मी बागेतून धावत आले. रोजच्या दुकानात एकटे जातात पण मध्ये बस दुसऱ्या रस्त्याने वळवली तर कुठे उतरायचं कळेना, मुलाने जाऊन आणलं. पीआयपीचा, म्हणजे आजारामुळे रोजची कामं जमत नाहीत त्यांना सरकारकडून जो भत्ता मिळतो त्याचा, अर्ज केला, फोनवर असेसमेंट झालं, आणि पत्र आलं की डेली लिव्हिंगला (रोजची कामं) ३ पॉइंट (आंघोळीचे २, औषधांचा १) आणि मोबिलिटीला (हिंडणं-फिरणं) शून्य, सबब काही मिळणार नाही. रिपोर्टमध्ये म्हणे १०० मधून ७-७ वजा करत गेले, 'वर्ल्ड'चं स्पेलिंग उलटं सांगितलं, म्हणजे डोकं ठीक आहे. अहो, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं त्यांचं, वजाबाकी झोपेतही करतील! आणि प्रत्येक प्रश्नाला हे स्वतःच "आय मॅनेज, आय मॅनेज". मुलगा म्हणतो कशाला भानगडीत पडतेस. लढायचं का सोडून द्यायचं?

उत्तर : सोडू नका. मुलाला सांगा की ही भानगड नाही, अर्जाचीच पुढची पायरी आहे, आणि पीआयपीची जी अपिलं सुनावणीपर्यंत जातात त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या बाजूने निकाल लागतो. तरी बरेच जण पहिल्या नकारालाच गप्प बसतात.

आधी पत्रावरची तारीख बघा. त्या तारखेपासून एका महिन्यात 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' मागायचं, म्हणजे निर्णय परत तपासा असं डीडब्ल्यूपीला (हा भत्ता देणारं सरकारी खातं) सांगायचं. हे केल्याशिवाय अपिलात जाता येत नाही. फोन करून मागितलं तरी चालतं पण मागोमाग लेखी पाठवाच, आणि त्याच फोनवर असेसमेंट रिपोर्टची पूर्ण कॉपी तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या. महिना उलटून गेला असेल तरी हातपाय गाळू नका, सबळ कारण असेल तर १३ महिन्यांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, आणि ज्या माणसाला पत्र आल्याचंच लक्षात राहत नाही त्याच्याकडे याहून सबळ कारण काय असणार!

आता खरा मुद्दा. तुम्ही पत्रात 'ते हे करू शकत नाहीत' असं लिहायला जाल आणि तिथेच फसाल, कारण ते करू शकतात, हात चालतात, पाय चालतात. नियमात प्रश्न वेगळाच आहे. ते काम सुरक्षितपणे होतं का, नीट होतं का, लागेल तितक्या वेळा होतं का, आणि निरोगी माणसाला लागेल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न लावता होतं का. या चारही गोष्टी जमल्या तरच 'जमतं' म्हणायचं. आणि आपल्याला सगळ्यात जास्त उपयोगाचं म्हणजे प्रॉम्प्टिंग. दुसऱ्या माणसाने आठवण करून देणं, मागे लागणं, समजावून सांगणं, या सगळ्याला नियमात मदत म्हणून पॉइंट आहेत. हात लावायची गरज नाही, नुसतं "अहो, उठा आता, टॉवेल ठेवलाय" एवढंही धरतात. आपल्याकडे गोची अशी की बायको हे दिवसभर करते आणि विचारलं तर म्हणते त्यात काय एवढं, घरचंच माणूस आहे. तुमच्या पत्रातच बघा ना, कपडे काढून ठेवता हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्याचे २ पॉइंट होतात!

हिशोब मांडू. ३ तर त्यांनीच दिलेत. कपड्यांचे २ धरले की ५. आणि स्वयंपाक, साधा एका माणसापुरता पदार्थ शेगडीवर करताना सुरक्षिततेसाठी कुणीतरी सोबत उभं राहावं लागत असेल तर ४. झाले ९. स्टँडर्ड (साध्या) रेटला ८ लागतात, एन्हान्स्डला (वाढीव) १२. (२०२५-२६ च्या दराने डेली लिव्हिंगचे आठवड्याला ७३.९० पाउंड, एन्हान्स्ड असेल तर ११०.४०.) मोबिलिटीत नुसतं चालणं बघत नाहीत, अनोळखी रस्त्याने दुसऱ्या माणसाशिवाय जाता येत नसेल तर १० पॉइंट आहेत, आणि तिथेही स्टँडर्डला ८ च लागतात, म्हणून ती बसची गोष्ट सविस्तर लिहा, कुठला स्टॉप, त्यांनी काय केलं, मुलाला कुणी फोन केला, त्यानंतर एकटे कुठे कुठे गेले नाहीत.

तेलाच्या कढईवर मात्र थांबते जरा, कारण इथेच ते म्हणतील की हे एकदाच घडलं. पीआयपीत साधारणपणे निम्म्याहून जास्त दिवस अडचण असावी लागते हे खरं. पण २०१७ साली अपर ट्रायब्युनलच्या (अपिलाच्या वरच्या कोर्टाच्या) तीन जजेसनी निकाल दिलाय की सुरक्षितता बघताना धोका किती वेळा घडतो एवढंच बघायचं नाही, घडलाच तर किती भयंकर असेल तेही बघायचं. आग लागायला एकदाच पुरतं. तेव्हा असं लिहा की कुठल्या दिवशी लक्ष उडेल ते आधी कळत नाही, त्यामुळे शेगडी चालू असते तेव्हा दर वेळी मी तिथे असते. आणि त्या दिवसानंतर अजून काही झालं नसेल तर ते ते सुधारले म्हणून नाही, तुम्ही पहारा देता म्हणून, हे वाक्य विसरू नका!

त्या वजाबाकीबद्दलही स्पष्ट लिहा. आयुष्यभराची सवय असलेला आकडा शाबूत राहतो आणि सकाळचं आत्ता आठवत नाही, हे मेंदूच्या इजेत अगदी होतं. शिवाय आपल्याला काय जमत नाही हेच आपल्याला न कळणं हा त्या इजेचा भाग असू शकतो, नुसता पुरुषी ताठा नव्हे (थोडा असेलही म्हणा). फोनवर "आय मॅनेज" म्हणणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर पूर्ण भरवसा ठेवणं मला तरी अजबच वाटतं. त्यांच्या न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या नोट्स असतील तर जोडा. कन्सल्टंटच्या पत्रात 'गुड रिकव्हरी' असतं, ते जीव वाचला त्या अर्थाने असतं आणि आपल्यावरच उलटतं, म्हणून जीपीकडून (फॅमिली डॉक्टर) रोजच्या अडचणींबद्दल दोन ओळी मिळाल्या तर बघा. आणि एक वही करा, काय झालं, किती वाजता, तुम्ही काय म्हणालात, बस. मुलालाही वेगळं पत्र लिहू द्या, त्याचंही मत बदलेल बहुतेक.

डीडब्ल्यूपीने परत तपासूनही नकार दिला तर त्या नोटिशीच्या तारखेपासून महिन्याभरात ट्रायब्युनलकडे (डीडब्ल्यूपीहून वेगळं, अपिलं ऐकणारं कोर्ट) अपील, ऑनलाइन किंवा एसएससीएस१ फॉर्मवर, फी नाही. फॉर्मवर दुभाषा हवा असं लिहिलं की फुकट मिळतो. तुमचं इंग्लिश चांगलं असेलही पण तुम्ही साक्ष द्यायची का भाषांतर करायचं, दोन्ही एकदम नको. सिटिझन्स ॲडव्हाइसला (फुकट सल्ला देणारी संस्था) भेटा, आणि मेंदूच्या इजेसाठी हेडवे नावाची संस्था आहे तिथेही विचारा, त्यांना हे फॉर्म पाठ असतात.

प्रश्न : मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे. चालते मी, पण शब्द सापडत नाहीत, समोरचा बोलला ते अर्ध्यात निसटतं. पीआयपीसाठी अपील केलंय, आता सुनावणीची तारीख आलीय आणि घरी केसच्या कागदांचं भलं मोठं बाड येऊन पडलंय. तीन लोकांसमोर माझी ततपप होणार. पेपरवरच निकाल द्या असं सांगू का? – एक वाचक, स्लाव (Slough)

उत्तर : शक्यतो नको. कागदावर तुमची अडचण दिसत नाही, समोर किंवा फोनवर बोललात तर दिसते. तिघं म्हणजे एक जज, एक डॉक्टर आणि एक अपंगत्वाची माहिती असलेले सदस्य, आणि ते डीडब्ल्यूपीचे लोक नाहीत, डॉक्टर काही तुम्हाला तपासणार नाहीत, प्रश्न विचारतील. ततपप झाली तर होऊ दे ना, ती लपवायला तुम्ही जात नाही आहात!

आत्ताच ट्रायब्युनलला लिहून कळवा की मध्ये मध्ये ब्रेक लागेल, एका वेळी एकच प्रश्न विचारा, लागलं तर परत विचारा. कुणाला तरी सोबत न्या, नवरा, मैत्रीण, कुणीही. ते बाड तुम्ही अख्खं वाचायचं नाही. सोबतच्या माणसाला वाचू दे, असेसमेंट रिपोर्टमध्ये जे चुकीचं आहे त्या पानांना रंगीत चिकटपट्ट्या लावा आणि एका कागदावर पान नंबर आणि पुढे खरं काय ते, एवढंच. सुनावणीत तो कागद समोर ठेवायला कुणी ना म्हणत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. निर्णय झाला त्या तारखेला तुम्ही कशा होता तेच ट्रायब्युनल बघतं, त्यानंतर त्रास वाढला असेल तर तो इथे धरत नाहीत, त्याबद्दल डीडब्ल्यूपीला वेगळं कळवावं लागतं. आणि तुम्हाला आधीच थोडे पैसे चालू असतील तर ते कमी करायचाही अधिकार त्यांना आहे, म्हणून जायच्या आधी कुठल्या तरी सल्लागाराकडून आपले पॉइंट एकदा मोजून घ्या. निकाल कधी त्याच दिवशी सांगतात, कधी पोस्टाने येतो. विरोधात गेला तर एका महिन्यात लेखी कारणं मागायची, कारण पुढे अपर ट्रायब्युनलला फक्त कायद्याची चूक दाखवून जाता येतं आणि ती चूक त्या कारणांतच शोधावी लागते.