हुंकारा देणारं माणूस

पोरी,

तुझ्या कम्युनिटी रेडिओवरच्या गोष्टीचा तू पाठवलेला भाग परवा पेठच्या एसटीत ऐकला. आवाज गोड आहे, उच्चार स्वच्छ आहेत आणि सावळघाट येईपर्यंत मला डुलकी लागली. रागावू नकोस. गोष्ट चांगलीच होती, पण ती तू कोणालाच सांगत नव्हतीस. 'श्रोतेहो' म्हणालीस, तिथेच मी परका झालो.

गोंधळी कधी एकटा उभा राहतो का? मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि बाजूचा मध्येच विचारतो, "मग पुढं काय झालं?" त्याला सगळं पाठ असतं, तरी विचारतो. गोष्टीला हुंकारा लागतो. तुझ्या स्टुडिओत काचेपलीकडे नुसता कॉम्प्युटर. तेव्हा समोर एक माणूस बसव, गोष्ट ठाऊक नसलेलं. झाडलोट करणाऱ्या मावशी उत्तम. सहकारी नकोत, ते मान डोलावतात आणि घड्याळ बघतात.

मी हे रस्त्यावर शिकलो. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाला पायी येणाऱ्यांबरोबर कळवणपासून नांदुरीपर्यंत चाललो होतो. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषींचं स्तवन ऐकताना देवीची मान कलली, ती गोष्ट मी ऐटीत सुरू केली. अर्धे लोक चहाला थांबले, मागचे नवे येऊन मिळाले आणि माझा धागा गेला. शेजारून चालणारी एक आजी मात्र दर चार पावलांनी "मंग काय व्हयनं?" म्हणत राहिली. तिच्या जिवावर गोष्ट तडीस गेली. शेवटी ती म्हणाली, बोलणारा एवढ्या लांब बसला, मान कलेल नाही तर काय होईल बिचारीची!

रेडिओवर ऐकणाऱ्याची मान कलायला नको. मायक्रोफोनपासून वीतभर अंतर ठेव, तोंड किंचित तिरकं, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. मखमलाबादकडच्या द्राक्षबागेत थिनिंग करणारी, म्हणजे घडांतले जादा मणी काढणारी बाई डोळ्यांपुढे आण. दोन्ही हात मांडवाकडे वर, मोबाइल कमरेला खोचलेला. तुझा आवाज बारीक झाला तर ती वाढवणार कशी? आणि ते आवाजाखालचं बासरीचं संगीत काढून टाक, माझी विनंती समज. ती बाई मधेच ऐकू लागली तरी चालावं म्हणून दर पाच-सात मिनिटांनी धागा पुन्हा हातात दे, पण 'आतापर्यंत आपण ऐकलं' असं म्हणून नव्हे. "तर ती म्हातारी अजून नदीच्या अलीकडेच उभी होती" एवढं पुरतं.

कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर साधारण 100 वॉटचा, आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. तू त्यावर नाराज आहेस, मी नाही. एवढ्या टापूत चूक झाली तर माणूस दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात पकडतो. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक हवेत आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्याच लावायच्या. ही अट मला कधी आवडली नाही, पण गोष्टीवाल्याची सोय झाली. मार्च 2018 मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईकडे निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा ही बातमी होती. तुटलेल्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधून त्यात चाललेल्या बाईला तू आज गाठलंस, तर ती गोष्ट.

तिला गाठायला बाहेर जाशील तेव्हा प्रत्येक ठिकाणी एक मिनिट कोणीही न बोलता नुसती जागा रेकॉर्ड कर. जोडकाम करताना ते मिनिट लागतंच. वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर मऊ मफलर गुंडाळ. आणि चढावर कोणाला प्रश्न विचारू नकोस. तिथे माणसं फक्त श्वास घेतात.

येत्या चैत्रात यायचं असेल तर कळव. चपला जुन्याच घाल.

तुझा,
मास्तर