टर्पीनचा आकडा आणि अर्काची प्रत

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो आणि गुडघेदुखीसाठी येथील परवानाधारक दुकानातून गांजाचा अर्क घेतो. एका डबीवर टर्पीन ६.४ टक्के, तर दुसरीवर १४ टक्के छापले आहे. दुसरी बरीच महाग आहे. टर्पीन जास्त म्हणजे प्रत चांगली, असे समजावे काय?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : तसे समजू नये. टर्पीन म्हणजे वनस्पतीतील उडून जाणारी सुगंधी द्रव्ये. आपल्या मसाल्याच्या डब्यातील धन्याचा वास मुख्यतः लिनालूलमुळे येतो आणि मिऱ्यात कॅरिओफिलीन असते, तीच द्रव्ये गांजातही सापडतात. वाळलेल्या फुलात ती साधारणपणे १ ते ३ टक्के असतात, त्यामुळे ताजे रोप गोठवून काढलेल्या ‘लाइव्ह रेझिन’मध्ये ६.४ टक्के हे प्रमाण अगदी स्वाभाविक आहे. १४ टक्केही अशक्य नाहीत, कारण स्फटिक वेगळे झाल्यावर उरणाऱ्या पातळ भागात टर्पीन साचतात. मात्र टर्पीन स्वतःच अर्काला पातळ करतात; म्हणून काचेसारख्या कडक, ठिसूळ तुकड्यावर हा आकडा छापलेला असेल, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

खरी परीक्षा प्रयोगशाळेच्या अहवालात होते. कॅलिफोर्नियात टर्पीनची चाचणी सरसकट सक्तीची नाही, म्हणून आकड्यामागे अहवाल आहे का आणि त्यावरील बॅच क्रमांक डबीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे आधी पाहावे. अहवालात ६४ मिलिग्रॅम प्रतिग्रॅम लिहिले असेल, तर तेच ६.४ टक्के होत. त्यानंतर बेरजेपेक्षा घटकांकडे लक्ष द्यावे. मिर्सीन, लिमोनीन, पायनीन ही हलकी द्रव्ये वाळवताना आणि साठवणुकीत आधी उडतात, तर कॅरिओफिलीन व ह्युम्युलीन मागे राहतात. त्यामुळे ‘ताजा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्कात हलकी द्रव्ये नगण्य असतील, तर माल जुना किंवा अधिक तापवलेला असण्याचा संभव आहे. गांजात ही मागे राहणारी दोन्ही द्रव्ये सहसा जोडीने आढळतात. कॅरिओफिलीन भरपूर आणि ह्युम्युलीन जवळजवळ नाही, असे दिसल्यास टर्पीन बाहेरून मिसळल्याची शंका घ्यावी. डिस्टिलेटमध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेल्या अर्कात, ते मिसळलेलेच असतात, कारण ऊर्ध्वपातनात मूळचा सुगंध निघून जातो. त्याच अहवालात अर्क काढताना वापरलेल्या ब्यूटेनसारख्या द्रावकांचे अवशेषही तपासावेत.

वास जरूर घ्यावा, पण नाक फसते. मिसळलेल्या लिमोनीनचाही संत्र्यासारखा वास छान येतो.

आपण अर्क तापवून ओढत असाल, तर आणखी एक गोष्ट सांगतो. पोर्टलँड स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दाखवले की, फार तापवल्यास टर्पीनपासून मेथाक्रोलीन आणि बेंझीन ही घातक द्रव्ये तयार होतात. म्हणजे जास्त टर्पीनसाठी जास्त पैसे मोजून आपण अधिक त्रासही विकत घेऊ शकता. शिवाय टर्पीनच्या टक्केवारीवरून गुडघेदुखी किती कमी होईल, हे सांगता येत नाही; त्याविषयी, आणि चालू असलेल्या औषधांविषयी, आपल्या डॉक्टरांशीच बोलावे. भारतात येताना ही डबी सोबत आणू नये, कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार असा अर्क बाळगणे हा तेथे गुन्हा आहे.