मरीनाची (बोटी लावून ठेवायच्या धक्क्याची) कामगार सुरक्षा तपासणी जवळ आली आहे. आधी काय तपासावं?

सुरुवात धक्क्यावरच्या वीजखांबांपासून करा, कारण जीव घेणारी चूक तिथेच लपते. खारट हवेने सॉकेटच्या पिना गंजतात, जोड तापतो, प्लास्टिक काळवंडतं. असं सॉकेट सरळ बदला. आरसीडीचं, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या उपकरणाचं, टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका. बटण फक्त आतली यंत्रणा हलते का एवढंच दाखवतं. टेस्टर लावून ३० मिलीअँपिअरचा आरसीडी ३०० मिलिसेकंदांच्या आत पुरवठा तोडतो का ते मोजा आणि आकडा तारखेसह नोंदवा. गळका प्रवाह पाण्यात उतरला तर माणसाचे स्नायू आखडतात आणि तो बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका जास्त. म्हणून पोहण्यास मनाई, आणि तसा फलक हवाच.

मग बोट उचलायची क्रेन: पट्ट्यांवरची क्षमतेची चिठ्ठी वाचता येत नसेल किंवा शिवण उसवली असेल, तर पट्टा त्याच दिवशी बाद. शिड्या ओहोटीलाही पाण्याखाली पोहोचतात ना, ते स्वतः पाहा. इंधनाच्या धक्क्यावर आपत्कालीन बंद बटण, अग्निशामक आणि शोषक पॅड मोकळे, हाताशी असावेत.

कागद शेवटी, पण प्रशिक्षणाच्या नोंदी मात्र खऱ्या हव्यात. निरीक्षक कामगारांनाच प्रश्न विचारतात.