गेल्या वर्षीचे फोटो आधी उघड

प्रिय छायाचित्रकारास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डोंगर झाले, समुद्र झाला, सूर्यास्त तर इतके झाले की आता कॅमेरा उचलावासाच वाटत नाही. नव्या वर्षात काहीतरी ताजं सुचायला हवं, तर यंदा कुठे जाऊ, असं विचारलं आहेस. मी एकही ठिकाण सुचवणार नाही. नव्या जागी पहिले दोन दिवस सगळंच सुंदर दिसतं आणि हात आपोआप चालतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच कंटाळा, फक्त घरापासून लांब.

त्यापेक्षा जानेवारीतली पहिली सुट्टी घरात घालव. कॅमेरा कपाटात राहू दे आणि गेल्या वर्षीच्या फाइल्स उघड. सगळ्या. जे फोटो तू लोकांना दाखवलेस ते बाजूला ठेव, कारण ते मुळात तुला आवडले होते की कौतुक झालं म्हणून आवडायला लागले, हे आता तुलाही सांगता येणार नाही. उरलेले बघ: निवडीत मागे पडलेले, एकदाही मोठे करून न पाहिलेले. थंबनेल (फोटोंची छोटी चित्रं) नखाएवढी ठेव, म्हणजे तपशील दिसणार नाहीत, नुसते उजेड-अंधाराचे तुकडे दिसतील. तासाभराने काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर यायला लागतात. कुणाच्या फ्रेममध्ये खालच्या कोपऱ्यात कायम थोडं पाणी असतं. कुणी प्रत्येक सहलीत कुठेतरी थांबून झाडाच्या सालीचे दोन-तीन फोटो काढलेले असतात आणि घरी आल्यावर ते कधी उघडलेलेच नसतात. कुणाला वाटेचं वळण सोडवत नाही. हे फोटो ठरवून काढलेले नसतात. कुणाला दाखवायचं हेही तेव्हा डोक्यात नसतं. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे.

फाइलमध्ये नोंदलेले आकडेही बघ. झूम लेन्स वापरणाऱ्या बहुतेकांचे फोटो लेन्सच्या दोन टोकांवरच निघालेले असतात, एकदम वाइड किंवा एकदम जवळ. मधली सगळी लेन्स बिनवापराची. म्हणजे जागेवर उभं राहून रिंग फिरवली गेली, पाय हलले नाहीत. वेळ बघ. सगळे फोटो संध्याकाळचेच असतील, तर कंटाळा सूर्यास्ताचा आलाय की एकाच दिशेच्या उजेडाचा, हा विचार कर.

यातल्या तीन फाइल्स निवड आणि रॉपासून (कॅमेऱ्याने नोंदलेल्या मूळ, न बदललेल्या फाइलपासून) पुन्हा नव्याने प्रोसेस कर, जुनं एडिट न बघता. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो तुला माहीत असेलच. लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून त्याने एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) काढलं, आणि दुसरं निगेटिव्ह घेईपर्यंत गावातल्या दफनभूमीच्या क्रुसांवरचं ऊन निघून गेलं. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या पुढची कमी सांगतात. त्या एकाच निगेटिव्हचे प्रिंट तो नंतर तीसेक वर्षं काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात फिकट ढग दिसतात. १९७० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं आहे. १९४८ मध्ये तर त्याने रसायन वापरून निगेटिव्हचा खालचा भागच बदलला. (तारीख त्याने लिहून ठेवली नव्हती. चंद्राच्या स्थानावरून खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी ती पुढे काढली: १ नोव्हेंबर १९४१.) तेव्हा गेल्या मार्चमधला तुझा एखादा फोटो संपलाय असं कुणी ठरवलं?

आता या सगळ्यातून एक प्रश्न काढायचा. विषय नको, प्रश्न. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ १९२२ साली अठ्ठावन्न वर्षांचा होता. योगायोगाने त्याचा जन्मही नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसाचा, १ जानेवारी १८६४ चा. त्याच्या फोटोंतली ताकद समोर बसलेल्या माणसांवर तो जी मोहिनी घालतो तिची आहे, अशा अर्थाचं एका लेखकाने लिहिलं आणि ते त्याला झोंबलं. मग न्यूयॉर्क राज्यातल्या ज्या लेक जॉर्ज तळ्याकाठी तो वर्षानुवर्षं उन्हाळा घालवत आला होता, तिथेच त्याने कॅमेरा आकाशाकडे वळवला. ढगांवर कुणाची मोहिनी चालत नाही आणि ते सगळ्यांना सारखेच मिळतात. समोर माणूस नसताना, प्रसिद्ध जागा नसताना, फोटोत काही उरतं का? या एका प्रश्नावर तो दहा-बारा वर्षं राहिला. ‘इक्विव्हॅलंट’ या नावाने त्यातले दोनशेहून जास्त फोटो आज ओळखले जातात. तळं तेच होतं, घर तेच होतं.

प्रश्न चांगला आहे की नाही हे ओळखायला सोपी खूण आहे: त्याचं उत्तर चुकता आलं पाहिजे. ‘निसर्गाचं सौंदर्य’ घेऊन बसशील तर कुठलाही फोटो चालेल, म्हणजे कुठलाच अडणार नाही, आणि अडला नाहीस तर सुचणारही नाही. ‘वारा फोटोत कसा दिसतो?’ हे घेतलंस की पहिल्याच दिवशी पंचाईत.

वाऱ्याचंच उदाहरण पुढे नेऊ, मला तो आवडतो. शटर १/१००० सेकंदच उघडं ठेवलं तर गवत वाकलेलं दिसतं, पण ते वाऱ्याने वाकलंय की तसंच वाढलंय हे कळत नाही. एका सेकंदाला त्याचा धूर होतो आणि गवत हरवतं. साधारण १/१५ ते १/२ सेकंदाच्या मधे कुठेतरी बुंधा स्थिर राहतो, शेंडे फिसकटतात आणि वारा दिसायला लागतो. नेमकं कुठे ते झोतावर आणि तुझ्या अंतरावर अवलंबून, म्हणून एकाच गवतावर दहा शटर स्पीड करून बघावे लागतात. फ्रेममध्ये काहीतरी ठाम न हलणारं हवं, दगड किंवा खोड. नाहीतर बघणाऱ्याला वाटतं कॅमेराच हलला. दुपारी इतका संथ शटर मिळणार नाही, मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) खाली आणि एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळसर काच), किंवा निदान पोलरायझर, तोही दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) बंद करत एफ/२२ पर्यंत जाऊ नकोस, इतक्या बारीक छिद्रातून उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळंच मऊ पडतं.

हे जमेपर्यंत दोन आठवडे जातील. मग एक दिवस वाराच नसेल, आणि तिथून खरी मजा. बिनवाऱ्याच्या दिवशी वारा कुठे दिसतो? उघड्या कड्यावरच्या झाडांत, ज्यांच्या सगळ्या फांद्या एकाच बाजूला वाढलेल्या असतात. वाळूवरच्या लाटांत, ज्या वाऱ्याला आडव्या पडतात. बर्फाच्या कोरलेल्या कडांमध्ये. म्हणजे आता तू गेलेल्या वाऱ्याचा फोटो काढायला लागलीस किंवा लागलास, संथ शटर न वापरता. हा दुसरा प्रश्न तुला घरी बसून सुचला नसता; पहिला घेऊन बाहेर फिरल्याशिवाय तो भेटतच नाही. प्रेरणा म्हणून लोक जे शोधतात ते माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असं, काम चालू असताना आडवं येतं.

तुझा प्रश्न वाऱ्याचा असायची गरज नाही. पाण्याचा कोपरा वारंवार दिसला तर ‘ओल कशी दिसते?’ असेल. वळणं दिसली तर ‘न दिसणारी वाट फोटोत कशी आणायची?’ असेल. कागदावर एका वाक्यात लिही आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेव.

जागा मात्र चालत जाता येईल अशी घे. बेत आखावा लागला की दर आठवड्याला जाणं होत नाही. आणि एकदा जागा प्रसिद्ध असायची गरज संपली की नाजूक ठिकाणांचा पत्ता फोटोखाली लिहायची गरजही संपते. घरटी आणि दुर्मिळ फुलं त्यामुळे सुखात राहतील.

उजेडाबद्दल एक तक्रार करतो. शिकवण्यांमधले नियम कुठल्यातरी एका अक्षांशावरच्या माणसाने लिहिलेले असतात आणि सगळे ते पाठ करतात. ‘दुपारी फोटो काढू नये’ हा त्यातला एक. ५० अंश उत्तरेला डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो; तिथे दिवसभर कडेचाच उजेड. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, शेवटचे सहा अंश पंचवीसएक मिनिटांत संपतात, आणि गोल्डन अवर (सूर्य खाली असतानाचा सोनेरी उजेड) नावापुरताच तास राहतो. दक्षिण गोलार्धात तर जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. तेव्हा नियम सोड आणि सावली मोज. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली वस्तूइतकीच असते. १० अंशांवर ती साडेपाच पटींहून लांब होते. त्या घसटत्या उजेडात वाळूवरची, बर्फावरची प्रत्येक रेघ उठून येते, जी दुपारी तुझ्या पायाखाली असूनही दिसत नव्हती. उत्तरेच्या मध्यम अक्षांशांवर आणखी एक सोय आहे: सगळ्यात लहान दिवस डिसेंबरात होऊन जातो, पण सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीला असतो. पहाटेचं काम सुरू करायला झोपमोड सर्वांत कमी लागते ती याच दिवसांत.

चंद्र घ्यायचा असेल तर पौर्णिमेपेक्षा चतुर्दशीचा बरा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो. तो जरा वर येईपर्यंत जमीन काळी पडलेली असते आणि दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये मावत नाहीत. आदल्या दिवशी तो सरासरी पन्नासेक मिनिटं आधी येतो, तेव्हा खाली अजून ऊन असतं. ॲडम्सलाही पौर्णिमेच्या आधीचाच चंद्र मिळाला होता.

रोज एक फोटो, वर्षभर, हा संकल्प कृपया करू नकोस. फेब्रुवारीपर्यंत त्याची हजेरीवही होते: काहीतरी काढायचं म्हणून रात्री अकराला टेबलावरचा कप. आठवड्यातून एकदा जा, एकच फोकल लेंथ घेऊन (म्हणजे झूम न बदलता), आणि छत्तीस फ्रेमच्या आत परत ये, फिल्मच्या एका रोलएवढ्या. स्क्रीनकडे अजिबात बघू नये असं काही कडक गुरुजी सांगतात, मला ते पटत नाही. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) जरूर बघ, विशेषतः बर्फात किंवा दाट धुक्यात, जिथे कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला राखाडी समजतो आणि एक-दोन स्टॉप उजेड वाढवावा लागतो. फोटो चांगला आलाय का, हे मात्र तिथे उभं राहून ठरवू नकोस. जागेवर काही पुसूही नकोस.

नवी लेन्स घेऊ का? नको. हलका म्हणून डुगडुगणारा ट्रायपॉड असेल तर तो बदल.

दुसऱ्यांचे फोटो बघायचं बंद करायला सांगणार नाही, पण बघण्याची रीत बदल. रोज शंभर जणांचा एकेक फोटो बघून मनात फक्त सरासरी साचते. त्याऐवजी एका माणसाचं एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ. झेक छायाचित्रकार योसेफ सुडेकने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो १९४० ते १९५४ अशी वर्षं काढले. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. पुढे नाझींच्या ताब्यातल्या शहरात कॅमेरा घेऊन मोकळं फिरणं अवघड झालं. काचेवरचं दव, हिमाचे ओरखडे आणि पलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड. ओळीने बघितलेस तर हवामान खराब आहे म्हणून आज गेलो नाही, हे पुढच्या वेळी लिहिताना जरा अडखळशील.

थंडीत जाणार असशील तर जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेव, गारठ्यात ती लवकर मान टाकते. परत आल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच तासभर राहू दे, नाहीतर उबदार खोलीत त्याच्यावर पाणी सुटतं. कार्ड आधी काढून घे, तेवढा धीर कुणालाच नसतो.

मार्चअखेर मला दहा प्रिंट पाठव. पोस्टकार्डाएवढे चालतील. त्यांच्याखाली काही लिहू नकोस आणि तुझा प्रश्नही कळवू नकोस. तो मी फोटोंवरून ओळखीन. मला ओळखता आला नाही तर चूक कुणाची, यावर आपण एप्रिलमध्ये सविस्तर भांडू.

कळावे.