वायफाय घ्या, पण वर्षाचे पैसे आत्ता भरू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका कास्तकार भाऊंचं पत्र आलं आहे. सात एकर कोरडवाहू. सोयाबीन निघालं, विकलं, चुकारा खात्यात जमा झाला. घरात पाच माणसं: ते, पत्नी, आई, बारावीतला मुलगा आणि नववीतली मुलगी. मुलगा नीटची तयारी करतोय, ऑनलाइन क्लास लावलाय आणि दुपारपर्यंत त्याचा दिवसाचा डेटा संपतो. गावातला केबलवाला फायबरची लाइन देतो म्हणतो: महिन्याला जीएसटी धरून 590 रुपये, राउटरचं डिपॉझिट 1,500. वर्षाचे 7,080 एकदम भरले तर तेरावा महिना फुकट आणि डिपॉझिट माफ. दुसरीकडे जिओचा माणूस एअरफायबर, म्हणजे तारेऐवजी छतावरच्या यंत्रातून येणारं इंटरनेट, घ्या म्हणून मागे लागलाय. त्याचे करासह महिन्याला 707, जोडणीचे 1,000. वर्षाचे भरले तर जोडणी फुकट, सोबत टीव्हीची चॅनेलं. भाऊ विचारतात, पैसे हातात आहेत तोवर वर्षाचं भरून मोकळं व्हावं का, की हा खर्चच फालतू आहे?

भाऊ, खर्च फालतू नाही. मोकळं व्हायची घाई मात्र करू नका.

फायबरचे आकडे तुम्ही रुपयापर्यंत लिहिलेत. मोबाइलच्या रिचार्जची मात्र एका ओळीत बोळवण केलीत. खरा हिशेब तिथंच आहे. तुमच्या घरात चार फोन, चारही जिओचे. तुमचा, वहिनींचा आणि आईंचा 299 चा रिचार्ज, मुलाचा 349 चा. हे सगळे 28 दिवसांचे, म्हणजे वर्षाला 12 नव्हे, 13 रिचार्ज मारावे लागतात. 299 चे तीन फोन झाले 11,661 रुपये, मुलाचे 4,537. डेटा संपला की तो वरून महिन्याला शंभरेक रुपयांचे छोटे पॅक मारतो, ते 1,200 धरू. एकूण 17,400 च्या आसपास. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. त्या भावानं धरलं तरी सव्वातीन क्विंटल सोयाबीन दरवर्षी फोनमध्ये जातंय, आणि हमीभाव किती कास्तकारांच्या पदरात पडतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता आईंच्या फोनकडे या. तुम्ही सहज लिहून गेलात की त्यांच्याकडे बटनांचा साधा फोन आहे, लेकीशी बोलण्यापुरता. त्या फोनवर तुम्ही दिवसाला दीड जीबी डेटाचा रिचार्ज मारताय! दुकानदार सगळ्यांचा एकच मारून देतो आणि आपणही विचारत नाही. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलला आणि ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणं कंपन्यांना भाग पडलं. जिओचा असा पॅक 84 दिवसांसाठी 448 रुपयांना आहे. वर्षाला तो 1,950 च्या आत बसतो. आज तुम्ही आईंच्या फोनवर 3,887 घालवताय. जवळपास 1,940 रुपये इथंच वाचतात. दुकानदार आपणहून हा पॅक दाखवत नाही, नाव घेऊन मागावा लागतो.

ही बचत फायबरच्या खात्यात धरू नका. फायबर घेतलं नाही तरी ती होणारच आहे. म्हणजे कुठलंही कनेक्शन न घेता तुमचा खर्च 15,460 वर येतो. पुढची तुलना या आकड्याशी करायची.

घरात वायफाय आलं तर काय बदलेल? वहिनी दिवसभर घरी, शिवणकाम करतात, ब्लाउजच्या डिझाइन व्हॉट्सअॅपवर येतात. त्यांना बाहेर डेटा लागतोच किती? तुम्हाला वावरात हवामान बघायला, बाजारात फोनपे करायला थोडा लागतो. दोघांनाही 189 चा, 28 दिवसांत 2 जीबीचा पॅक पुरेल; वर्षाला प्रत्येकी 2,457. मुलगा बारावीसाठी दारव्ह्याला जाऊन येतो, त्याला 299 वर आणा आणि वरचे छोटे पॅक बंद. आई धरून चौघांचे मिळून 10,750. त्यात फायबरचे 7,080 घातले की 17,830.

म्हणजे फायबरचा खरा खर्च महिन्याला 590 नाही. तो आहे 17,830 उणे 15,460, वर्षाला 2,370, महिन्याला साधारण 200 रुपये. दोनशे रुपयांत मुलाचे तास मधेच अडकणार नाहीत आणि मुलीलाही अभ्यासाला मिळेल. एवढ्यासाठी मी नको म्हणणार नाही.

पण यात एक मेख आहे. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत वायफाय बसतं आणि मोबाइलचे रिचार्ज जसेच्या तसे चालू राहतात. कोणीच खाली उतरत नाही, कारण दीड जीबीची सवय लागलेली असते आणि 'बाहेर गेल्यावर पंचाईत नको' ही भीती असते. मग 7,080 च्या 7,080 वरचा खर्च होतो आणि सहा महिन्यांनी लोक म्हणतात, वायफाय महाग पडतं. तेव्हा केबलवाला तार ओढेल त्याच आठवड्यात पुढचे रिचार्ज ठरवा. ते जमणार नसेल तर कनेक्शनच घेऊ नका, मुलाला छोटे पॅक मारू द्या, स्वस्त पडेल.

आता वर्षाचं एकदम भरायचं की नाही. फुकटचा तेरावा महिना म्हणजे 590 रुपयांची सूट. समोर काय आहे बघा. वहिनींनी शिलाई मशीनसाठी मायक्रोफायनान्सचं, म्हणजे विनातारण छोटं, कर्ज काढलंय, व्याज 24 टक्के, अजून वर्षाच्या वर हप्ते बाकी आहेत असं तुम्हीच लिहिलंत. 7,080 पैकी निम्मे, 3,540, आज त्या कर्जाच्या मुद्दलात भरले तर वर्षभरात आठशेच्या आसपास व्याज वाचतं. निम्म्या पैशात तेराव्या महिन्यापेक्षा जास्त. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2022 पासून तसा नियम आहे. वसुलीवाला 'असं चालत नाही' म्हणाला तर शाखेत जा आणि मुद्दल कमी झाल्याची नोंद लेखी घ्या.

उरलेले 3,540 म्हणजे सहा महिन्यांचं बिल. ते वहिनींच्या बचत खात्यात बाजूला ठेवा आणि तिथून महिन्याच्या महिन्याला भरा. आपल्याकडे पैसा दिवाळीनंतर येतो आणि एप्रिल-मेपर्यंत आटतो, म्हणून बाजूला काढून ठेवायला सांगतोय. आणि हे सगळं सोसायटीच्या पीक कर्जाची तजवीज झाल्यावर. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. तुमचं 1,40,000 चं आहे. ती तारीख चुकली तर इंटरनेटची कुठलीच सूट ते भरून काढणार नाही.

सहा महिनेच का? मुलाची नीट मे महिन्यात आहे. त्यानंतर तो यवतमाळ, अमरावती नाहीतर नागपूरला जाईल. ज्याच्यासाठी लाइन घेताय तोच जूनमध्ये घरी नसेल. वर्षाचं भरलंत तर अर्धं वर्ष त्याच्या रिकाम्या खोलीत वायफाय चालेल.

डिपॉझिट माफ होतंय याचं फार अप्रूप वाटू देऊ नका. केबलवाल्याला तोंडावर विचारा: लाइन बंद केल्यावर 1,500 परत मिळणार का? मिळणार असतील तर माफीत विशेष काही नाही. मिळणार नसतील तर ते डिपॉझिट नव्हे, राउटरची किंमत आहे, आणि मग राउटर तुमचा. जे काय असेल ते पावतीवर लिहून घ्या. बिल नको असेल तर पाचशेतच देतो, असंही तो म्हणाला म्हणे. नव्वद रुपयांसाठी बिल सोडू नका. बिल नसेल तर उद्या डिपॉझिट कशाच्या जोरावर मागाल?

स्पीडबद्दल थोडक्यात. 30 एमबीपीएस तुम्हाला भरपूर झालं. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला एका वेळी 5 एमबीपीएसच्या आसपास लागतं, म्हणजे घरातले सगळे एकदम बसले तरी अडणार नाही. केबलवाला 100 एमबीपीएसचा प्लॅन 800 ला देतोय, तो राहू द्या.

एअरफायबरचं गणित मात्र मला दोनदा मांडावं लागलं. तुम्ही डिशला महिन्याला 300 देता. एअरफायबरमध्ये चॅनेलं येतात, म्हणजे डिश बंद करता येईल. सहा महिन्यांचे 4,242 अधिक जोडणीचे 1,000, त्यातून डिशचे 1,800 वजा केले तर 3,442. केबलवाल्याचे 3,540, डिपॉझिट परत मिळणार असं धरून. पैशात दोन्ही सारखेच पडतात. डिश बंद केली नाही तर एअरफायबर सरळ महाग. त्यात तुमचा टीव्ही जुना आहे. त्याला एअरफायबरचा टीव्ही बॉक्स जोडता येतो का हे आधी बघून घ्या, नाहीतर टीव्हीचाही खर्च गळ्यात पडेल.

म्हणून निवड पैशावर नाही, दुरुस्तीवर आणि विजेवर करा. तुमच्याकडे वीज किती जाते ते तुम्ही लिहिलंच आहे. डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की दोन-दोन दिवस अंधार. राउटर विजेशिवाय चालत नाही. फायबरच्या राउटरला बाराशे-पंधराशेचा छोटा यूपीएस लावला की काही तास निघतात. अॅडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा आणि जुळणाराच घ्या. एअरफायबरला छतावरचं यंत्र आणि आतलं राउटर अशा दोन्हींना वीज लागते, तिथं छोटा यूपीएस पुरेल असं धरून चालू नका.

पण तुमचा यूपीएस चालू असून भागत नाही. केबलवाल्याच्या घरी किंवा दुकानात जी पेटी असते, जिथून सगळ्या गावाच्या तारा निघतात, तिला वीज हवी. त्याचा इन्व्हर्टर दीड तासात बसला तर तुमच्या राउटरचे दिवे लागलेले राहतील आणि नेट मात्र बंद. तेव्हा त्याच्याकडे जाऊन ती पेटी बघा, बॅटरी कोणती आहे विचारा. त्याची लाइन आधीपासून असलेल्या दोन-तीन घरांत संध्याकाळी आठ वाजता जा, त्याच वेळी सगळं गाव नेटवर असतं. व्हिडिओ लावून बघा आणि पावसाळ्यात तार तुटली तेव्हा किती दिवसांनी आला ते विचारा. दोन दिवसांत येणारा असेल तर लाइन त्याचीच घ्या. आठवडा लावणारा असेल तर एअरफायबर, तेही महिन्याच्या बिलावर.

ग्रामपंचायतीतही एकदा डोकावून या. गावोगावी इंटरनेट पोचवायच्या सरकारी भारतनेट योजनेच्या तारेवरून बीएसएनएल घरोघरी फायबर देतं आणि ग्रामीण भागासाठी त्यांचे वेगळे स्वस्त प्लॅन असतात. तुमच्या गावात ती तार नुसती पोचलेली नसून चालू असेल, तर वरच्या दोघांच्याही आधी तिचा भाव काढा.

मुलगा जूनमध्ये बाहेर पडला की हिशेब पुन्हा मांडा. त्याच्या रिचार्जमधून होणारी बचत तेव्हा निघून जाईल आणि कनेक्शनचा खरा खर्च महिन्याला 200 वरून 350 च्या आसपास जाईल. मुलगी तेव्हा दहावीत असेल. वहिनींना मोबाइलवरून येणारी शिलाईची कामं महिन्याला किती होतात ते आजपासून एका वहीत लिहायला सांगा. लाइन ठेवायची की काढायची, ते त्या वहीवरून दोघांनी बसून ठरवा.